शेवटचे पान न पाहता

वाचनालयाच्या खिडकीमागे बसणाऱ्या त्या तरुणाला माणसांशी बोलणे जमत नसे. पुस्तक सुचवणे मात्र जमे. त्याची एक रीत होती. पुस्तक कितीही ओळखीचे असो, वाचकाच्या हाती देण्यापूर्वी तो शेवटचे पान उघडून पाही. ग्रंथपालबाई थट्टेने विचारत, "शेवट काय रातोरात पळून जातात की काय रे?" तो मान खाली घालून हसे.

त्याची थोरली बहीण, ताई, आली तेव्हा मात्र रीत राहून गेली. तिची लेक खारू कित्येक आठवडे रुग्णालयात होती आणि डॉक्टर हल्ली तिच्याविषयी कमी बोलू लागले होते. उशाशी बसल्या बसल्या डोळा लागू नये म्हणून ताईला स्वतःसाठी वळणावळणांची रहस्यकथा हवी होती. खारूला वाचून दाखवायला काहीतरी मायेचे.

"शेवट गोड असलेलंच दे हं तिला," ती म्हणाली.

त्याने दोन कादंबऱ्या दिल्या. एकीत भरल्या घरातून पाहुणी नाहीशी होते; प्रत्येक प्रकरणात संशय नव्या माणसावर जातो आणि ती अखेरपर्यंत सापडत नाही. दुसरीत एक मुलगी हरवलेल्या शेळीमागे धुक्यात शिरते आणि आईच्या दारी परतते. दोन्ही त्याला तोंडपाठ होत्या. ताई घाईत होती. त्याने पाने उघडली नाहीत.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. रहस्यकथेवर ती वैतागली होती. एवढा गुंता करून शेवटी काय, तर धुक्यातून एक मुलगी येते आणि आई दार उघडते.

त्याने विचारले, "आणि खारूचं पुस्तक?"

"शेवटचं पान राहिलंय. मामानंच वाचायचं म्हणून हटून बसलीय."

वाचनालयातल्या दुसऱ्या प्रती त्याने काढून पाहिल्या. शेवट जिथल्या तिथे होते.

भर दुपारी तो रुग्णालयात पोहोचला. फिनेलचा वास, पलंगावर उन्हाचा फिका पट्टा. ताई दारातच परिचारिकेशी बोलत उभी होती. त्याने खारूशेजारी बसून तिच्या पुस्तकाचे शेवटचे पान उघडले. तिथे शेळी नव्हती, आई नव्हती. एकच ओळ होती, रहस्यकथेतली शेवटची : 'अंथरूण अजून उबदार होते.'

त्याने नजर वर उचलली आणि आठवणीतला शेवट सांगू लागला. धुके विरळ झाले. पुढे शेळी, मागे मुलगी. आईने दार उघडले. एकही शब्द चुकला नाही.

खारूने सगळे ऐकून घेतले.

"मामा, हे तिथं लिहिलेलं नाहीये."

"तुला कसं कळलं?"

"तू पान बघतच नाहीयेस."

त्याने पानाकडे पाहिले.

मान वर केली, तेव्हा पलंग रिकामा होता.

ताई दारातच होती. तिच्यासमोरून कोणी गेले नव्हते. खिडकीला गज होते.

संशय आधी परिचारिकेवर गेला, मग सफाईवाल्यावर, मग त्याच्यावर. काही सिद्ध झाले नाही. ताई आता घराच्या दाराला कडी लावत नाही. रहस्यकथा मांडीवर घेऊन उंबऱ्याशी बसते. त्याच्याशी ती एकदाच बोलली. "मला दिलंस त्यात ती येते ना रे?"

ऋतू पालटल्यावर खारूचे कपडे आणायला तो पुन्हा रुग्णालयात गेला. परिचारिकेने गाठोडे दिले आणि घुटमळत म्हणाली, "त्या पलंगावर कुणाला ठेवत नाही आम्ही. चादर रोज बदलते मी. तुम्हीच बघा."

त्याने चादरीवर हात ठेवला.

अंथरूण अजून उबदार होते.