वीतभर वाढेपर्यंत

“थांब गं आई! समोर एक खडूस माणूस टाकीत डोकं घालून उभा आहे, दुकानदाराला सोडतच नाही.”

हेमलता फोनवर बिनधास्त मराठीत बोलली. लक्ष्मीनगरच्या शोभेच्या माशांच्या दुकानात आपलं कोणाला कळणार? दिल्लीत वाढलेल्या मराठी मुलींचा हा हक्काचा गैरसमज!

खडूस माणूस वळला. “घ्या, सोडलं दुकानदाराला.”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. तो मात्र चक्क हसत होता... आणि हसताना गालाला खळी पडत होती, हेही तिने तेवढ्यात पाहून घेतलं.

त्याचं नाव शहाजी. वडील फौजेत, लहानपण छावण्यांमध्ये गेलेलं, आता मानेसरच्या कारखान्यात इंजिनीअर. हेमलता सरकारी कचेरीत. बदली झालेल्या मैत्रिणीने जाताना ॲक्झोलॉटलची दोन पिल्लं तिच्या गळ्यात मारली होती. चार पायांचे, मानेशी पिसांसारखे कल्ले असलेले, पाण्यातच राहणारे, सदा हसऱ्या तोंडाचे जीव! त्यांच्या टाकीत घालायला ती गुलाबी खडे निवडत होती.

“खडे बिल्कुल नको,” शहाजी म्हणाला. “माझ्याकडे होते हे. खाताना समोरचं सगळं आत ओढतात. खडा पोटात अडकला की संपलं. बारीक वाळू घ्या, पण तीही वीतभर वाढल्यावर घाला. तोवर तळ मोकळाच बरा.”

“अच्छा? आणि वीतभर झाले हे कोण ठरवणार?”

“बोलवाल तर... मी येईन.”

असा तो रविवारी मयूर विहारला तिच्या घरी येऊ लागला. पाणी गार राहावं म्हणून टाकीत बर्फाच्या बाटल्या सोडायचा, काचेला वीत लावून पिल्लं मोजायचा, तिच्या आईची, म्हणजे सुमित्राकाकूंची, थालीपिठं हाणायचा. हेमलता पिल्लांकडे कमी आणि त्या पसरलेल्या बोटांकडे जास्त पाहायची. रविवार सरला की घर तिला खायला उठायचं.

पुढे पिल्लांची शेपटी त्याच्या करंगळीच्या बाहेर आली. तिला ते स्वच्छ दिसलं. तरी तो म्हणाला, “अजून थोडं वाढू दे.”

का म्हणाला? माझ्यासाठी... की नुसती काळजी? आठवडाभर तिला दुसरं काही सुचेना. तळाच्या गुळगुळीत काचेवर बिचाऱ्यांचे पाय घसरायचे, तिला अपराधी वाटायचं. पण वाळू आत गेली की त्याचं येणं संपणार! पुढच्या रविवारी तिने त्याला पुन्हा मोजायला लावलं.

जूनमध्ये त्याचा फोन आला. “कंपनी चेन्नईला पाठवतेय, दोन वर्षं. वाळू घालून टाक यार. वाढलेत ते.”

“मी नाही घालणार. तू ये.”

तो आला. बाल्कनीत दोघांनी वाळू चाळली, बादलीत धुतली. पाणी गढूळ यायचं, ओतायचं, पुन्हा धुवायचं... पाण्यात हाताला हात लागत होता.

“कधी वाढले हे?” शेवटी तिनेच विचारलं.

“होळीच्या आधीच.”

“आणि तू अजून थोडं, अजून थोडं...”

“तुलाही दिसत होतं. तू का नाही बोललीस?”

“तू यायचा बंद झाला असतास म्हणून! मला तू हवा आहेस, शहाजी. झालं समाधान?”

त्याने बादलीतच तिचा हात धरला. “दर रविवारी ठरवून यायचो, आज सांगू. मग काकू थालीपीठ वाढायच्या, तू समोर बसायचीस... आणि वाटायचं, नाही म्हणालीस तर पुढचा रविवारही जाईल.”

वाळू पसरली. पिल्लांनी पाय टेकले, आणि न घसरता सरळ चालू लागली.

“झालं का काम?” सुमित्राकाकू दारात येऊन म्हणाल्या.

“काकू,” शहाजीने ओले हात पँटला पुसले, “मला हेमलताशी लग्न करायचंय. दोन वर्षं... थांबाल?”

“मी थांबेन रे. ती थांबेल का, ते तिला विचार.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, हो म्हणून. तो अजून हाताच्या अंतरावर उभा होता, आणि तिला त्याची आठवण यायलाही लागली होती.