नोंगथांगचा घास

"खोटं वाटेल तुम्हाला," म्हातारा कुलबिधू म्हणाला, "पण तीन दिवसांपूर्वी पुरलेल्या घोड्यानं मला सामना जिंकून दिलाय."

इंफाळच्या पोलो मैदानाच्या कडेला बसलेली मंडळी खो खो हसली.

"घोडा पुरला होता तादा, की तुमची अक्कल?"

लाह्यांचे लाडू विकणारी मेमचा तेवढी हसली नाही. एकोणीसशे बाराच्या त्या सामन्याआधी तिच्या भावाला, इबोहलला, संघातून हाकललं होतं. तो खोरं सोडून गेला तो गेलाच.

"नोंगथांग होता तो!" कुलबिधू रंगात आला. "माझ्या हातचंच खायचा. महाराजांनी स्वतः साळी पुढं केल्या, तर नाकानं त्यांचा हात बाजूला उडवला!"

"मग मेला कशानं?"

"इबोहलनं चाऱ्यात विष कालवलं. माझा जिवलग! समोरच्यांना फितूर झाला."

त्या वर्षी संघाच्या प्रमुखानं नोंगथांग इबोहलला द्यायचं ठरवलं होतं, एवढं मात्र तो दर खेपेला गाळायचा.

"मी उसन्या घोड्यावर. बांबूच्या मुळाचा चेंडू सुटला. आम्ही सात जण. मागं टापा आठव्याच्या. चेंडू कुठं पडणार ते त्या टापा आधीच सांगायच्या. शेवटचा फटका मारला, तर खांदा ओला. नाक घासल्यासारखा."

आता कुणी हसलं नाही.

त्या टापा पुढं थांबल्याच नाहीत, हे कुलबिधूनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तीस वर्षं तो रोज दुपारी इथं येऊन तळहातावर साळी धरायचा. ऊन ऊन श्वास यायचा, साळी नाहीशा व्हायच्या. घोड्यानं माफ केलं, असं तो मनाशी म्हणायचा.

आत्ताही गवत दबल्याचा आवाज झाला. घामट वास आला. त्यानं हळूच मूठ उघडली. तळहाताला ऊब लागली.

मेमचानं टोपली खाली ठेवली.

"तादा, तो तुमच्याच हातचं खायचा ना?"

"तर! दुसऱ्या कुणाच्या नाही."

"मग माझ्या भावाच्या हातचं विष त्यानं खाल्लं कसं?"

वारा नव्हता.

तळहातावरची ऊब गेली.

मग काहीतरी ओलसर, मऊ, त्याच्या हाताला खालून लागलं आणि हात बाजूला उडवला गेला. साळी गवतात विखुरल्या.