चौकशीच्या खिडकीतला आवाज

कूलरचं गवत आणायला आईने प्राजक्ताला भर दुपारी बाहेर धाडलं, तिथून ही गोष्ट सुरू होते. मे महिन्यातली अमरावतीची दुपार ज्यांनी पाहिली नाही त्यांना वाटतं, भीती अंधारातच असते. पण या दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. डांबर मऊ होऊन चपलेला धरून ठेवतं. बंद दारांमागे कूलर घरघरत असतात, आणि झळांच्या पलीकडे उभा असलेला माणूस खरंच तिथे आहे की नाही, हे जवळ जाईपर्यंत कळत नाही.

प्राजक्ता तोंडाला ओढणी बांधून निघाली. बाजाराची वाट सरळ होती, तरी ती वळसा घालून खासगी गाड्यांच्या स्टँडवरून गेली. हल्ली ती रोजच असं करायची आणि घरी सांगायची नाही. तिथल्या कर्ण्यातून तिच्या बाबांचा आवाज यायचा.

बाबांचं नाव धर्मेंद्र. प्राजक्ताच्या जन्माआधीपासून ते त्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून गाड्या पुकारत होते. "धारणी गाडी लागली आहे" एवढ्यावर त्यांचं कधी भागायचं नाही. "धारणीवाले, बाटल्या भरून घ्या, घाटात कोनी मामा बसेल नाही पानी घेऊन," असं ते म्हणायचे आणि सगळं स्टँड हसायचं. जत्रेच्या दिवसांत चुकलेल्या पोरांना ते खिडकीत बसवून घ्यायचे आणि त्यांच्या आईबापांना असे पुकारायचे, की रडणारं पोरही ऐकत राहायचं.

हिवाळ्यात स्टँडच्या मालकाने पुकारे मशीनमध्ये भरून घ्यायला लॅपटॉपवाला माणूस आणला. गावांची नावं, आकडे, वेळा, सगळं बाबांनी त्याच्यापुढे बोलून दिलं. आणि हौसेने दिलं. एखादं गाव मनासारखं उमटलं नाही तर स्वतःच म्हणायचे, "थांबा साहेब, तिवसा पुन्हा घेऊ." शेवटी मालकाने त्यांना शाल-श्रीफळ दिलं. बाबांनी गल्लीत पेढे वाटले. त्या पेढ्यांची चव लोकांच्या तोंडात होती तोवरच निरोप आला, की आता खिडकीत माणूस लागणार नाही.

आधी ते नुसते चिडत. पुढे त्यांचं चिडणंही आंबून गेलं. दाढी वाढली. कोणी "काय धर्मेंद्रभाऊ" म्हणून हाक मारली की ते उठून दार लावून घेत, कारण त्या हाकेतही त्यांना हसू ऐकू यायचं. आई मेसमध्ये पोळ्या लाटायला जाऊ लागली, तेव्हा ते म्हणाले, "जा, आता तूच मरद घरचा."

"मरद कायची, पोळ्याच लाटून राहिली मी," आई चप्पल शोधत म्हणाली. "तुमी पन या. तवा धरा."

पूर्वी या बोलण्यावर बाबा हसले असते.

नववीचा निकाल लागला तेव्हा प्राजक्ताने गुणपत्रिका त्यांच्या समोर ठेवली. त्यांनी ती उलटी करून पाहिली, जणू मागच्या बाजूला खरं काही लिहिलेलं असावं. "हुशार लोकं काय करतात मालूम हाय?" ते म्हणाले. "आपली अक्कल काढून दुसऱ्याच्या हातात देतात. आन वरून थँक्यू म्हनतात."

म्हणून ती स्टँडवर जायची. बाकावर बसून डोळे मिटले की ते जुने बाबा भेटायचे. घरातल्या माणसापेक्षा तिला कर्ण्यातला माणूस आवडू लागला होता, आणि या गोष्टीची तिला लाज वाटायची.

त्या दुपारी कर्णा बोलला, "अकोला... मूर्तिजापूर मार्गे..." आणि खोकला. घरी बाबा रात्रीपासून तसेच खोकत होते. पुढे आवाज म्हणाला, "अकोलेवाले, रुमाल ओला करून डोक्यावर घ्या. तिकडं आपल्यापेक्षा एक सूर्य जास्त हाय."

प्राजक्ता हसली. हसता हसता थांबली. चहाच्या ठेल्यावर कुर्बानचाचा होते, तिच्या बाबांचे जुने सोबती. ती त्यांच्याजवळ गेली.

"चाचा, हे बाबांनी... तेव्हाच भरलं होतं?"

"कुठून बेटा. मी बाजूलेच उभा होतो. तो लॅपटॉपवाला म्हने, फक्त नावं सांगा, मजाक नको, जागा खाते." चाचांनी केटलीवर झाकण ठेवलं आणि आवाज खाली आणला. "होळीपासून असं चालू हाय. मालक म्हनते, कोनी मोबाइल जोडला असन. मी काचेतून पाह्यलं. आत फक्त मशीन... आन खुर्ची. खुर्ची मातर खिडकीकडं सरकून होती."

गवताचा भारा घेऊन ती घरी आली. बाबा कूलरसमोर बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहून तोंड उघडलं, पण काही आलं नाही. त्यांनी माठाकडे बोट दाखवलं.

"पाणी?"

त्यांनी मान डोलावली. डोळ्यांत राग होता, आणि रागाच्या मागे दुसरं काहीतरी, जे ती पहिल्यांदा पाहत होती.

त्यानंतर एकेक शब्द जाऊ लागला. भाकर गेली, मीठ गेलं, आईचं नाव गेलं. आईला वाटलं, रुसलेत. डॉक्टरांनी बॅटरी लावून घसा पाहिला आणि म्हणाले, "घशात काही नाही. नोकरी गेलेला माणूस मनाला लावून घेतो. फिरायला पाठवा." आणि तिकडे स्टँडवर कर्णा रोज जास्त बोलत होता. गोष्टी सांगत होता. ऐकायला मिळावं म्हणून लोक एखादी गाडी सोडून देत होते.

प्राजक्ताला एवढंच कळलं, की इथलं जे जातंय ते तिथे जमा होतंय. बाबा सगळेच तिकडे जाण्याआधी त्यांना खिडकीसमोर उभं करायला हवं. ज्याचं आहे त्याने ते परत घ्यावं.

एका दुपारी आई मेसला गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, माझ्यासोबत चला. एकदाच."

त्यांनी नकार दिला. तिने आजवर त्यांना कधी हाताला धरून ओढलं नव्हतं. आज ओढलं, आणि ते इतके हलके वाटले की ती दचकली.

स्टँड रिकामं होतं. गाड्या नव्हत्या, ठेला झाकलेला होता. कुठेतरी पत्रा तापून कटकट वाजत होता. दोघं खिडकीच्या दिशेने निघाले, तोच कर्णा खरखरला.

"लक्ष द्या... प्राजक्ता धर्मेंद्र... जिथं असाल तिथून चौकशीच्या खिडकीजवळ या. तुमचे बाबा तुमची वाट पाहत आहेत..."

बाबांनी तिचं मनगट घट्ट धरलं. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. तोंड उघडं होतं, आणि आतून फक्त कोरडी हवा येत होती.

"घाबरू नको पोरी," कर्णा हळू झाला, जवळ आला. "निकाल लागला म्हने... चांगला लागला. तुले कोनी शाबास म्हटलं नाही. मी म्हनतो ना... ये."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गेले कित्येक दिवस ती याच एका वाक्यासाठी बाकावर बसत होती. तिने शेजारच्या माणसाकडे पाहिलं. वाढलेली दाढी, मळका बनियन, ओठांच्या कोपऱ्यात साचून राहिलेला कडवटपणा. तो मान हलवत होता. नको, नको. तिने हात ओढला. त्याने सोडला नाही. तिने पुन्हा ओढला.

"सोडा मला," ती म्हणाली. ओळख नसलेल्या माणसाला म्हणतात तसं.

हात सुटला. ती धावली. खिडकीच्या धुळकट काचेवर कोणीतरी आतून तळहाताने गोल पुसत होतं. बाजूचं दार उघडलं आणि बाबा बाहेर आले. दाढी केलेली, केसांना तेल, अंगाला तापलेल्या वायरीचा वास. "चाल," ते हसून म्हणाले, "आई घरी येऊन बसली असन."

प्राजक्ताने वळून पाहिलं. मघाशी ते दोघं उभे होते तिथे ऊन होतं. कोणीच नव्हतं.

घरी आई रडली, देवापुढे साखर ठेवली. गल्लीतले लोक आले. "धर्मेंद्रभाऊ, ओळखूच आले नाही बापा इतके दिवस," ते म्हणाले. बाबांनी सगळ्यांना हसवलं. आता ते लग्नांमध्ये माइक धरतात, लोक त्यांना आधीपासून सांगून ठेवतात. ते कधी अडखळत नाहीत. कधी खोकत नाहीत. घरात कुठल्याही खोलीत असले, तरी त्यांचा आवाज तेवढाच जवळून येतो. आईच्या हे लक्षात आलेलं नाही, किंवा आलं असेल तरी ती बोलत नाही. कूलरसमोर बसून राहणाऱ्या त्या माणसाबद्दल कोणीच विचारत नाही. काम गेलं तेव्हा तो कोणाला नको होता, आणि हरवला तेव्हा त्याला पुकारायला कोणी उरलं नव्हतं.

स्टँडवरचं मशीन मुकं झालं. मालकाने वायरी काढून ते दुरुस्तीला दिलं. कुर्बानचाचा सांगतात, तरी दुपारी कर्ण्यात कोणीतरी श्वास घेतं, बोलायच्या आधी घेतात तसा... आणि तेवढंच.

प्राजक्ता आता त्या वाटेने जात नाही. पण तिच्या मनगटावर चार बोटं आणि एक अंगठा उमटले आहेत. आई म्हणते घामोळं असेल, पावडर लाव. लावून झाली. दुपारी सगळे झोपलेले असतात, बाहेर रस्ता उन्हाने पांढरा पडलेला असतो, तेव्हा ती बोटं जरा सैल होतात... आणि पुन्हा धरतात. ओढत नाहीत. गर्दीत आपलं माणूस सुटू नये म्हणून धरतात, फक्त तेवढंच.