चार नंबरचा हात

आत्याच्या लोकरीच्या दुकानाचं दार तसं अरुंदच. त्या दिवशी आधी एक भलीमोठी काळी पेटी आत आली, मग बराच वेळ कोणीच आलं नाही... आणि मग पेटीमागून आवाज आला, "मी आडवा येऊ का?"

तो आडवा आला. येताना खालच्या फळीवरचे लोकरीचे गुंडे पाडले आणि पाठीवर पेटी तशीच ठेवून ते रांगत गोळा करायला लागला. मी शिडीवर उभी होते, हसू आवरेना. बाहेर दाट धुकं होतं, त्याच्या केसांवर धुक्याचे बारीक थेंब चमकत होते.

काम घेऊनच आला होता. तो आणि आणखी पाच जण, असे सहा चेलोवादक; चेलो म्हणजे बसून गजाने वाजवायचं थोरलं व्हायोलिन, तेच त्या पेटीत होतं. दोन आठवड्यांनी जुन्या वाचनालयात त्यांची मैफल होती. तिथला हीटर लावला की अशी घरघर करतो, की चेलोचे खालचे सूर ऐकूच येत नाहीत. बंद केला तर बोटं गारठतात. म्हणून बिनबोटांचे सहा जोड हातमोजे हवे होते. आत्या म्हणाली, अंदाजपंचे चालणार नाही, मापं घ्यावी लागतील.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन मी त्यांच्या तालमीला गेले. नावं लक्षात राहीनात, म्हणून कागदावर खुर्च्यांचे नंबर टाकले. एक नंबर निवृत्त दंतवैद्य, तीन नंबरवर सगळ्यांच्या मोठ्या ताई, आणि तो चार नंबर. तारा दाबून दाबून त्याच्या डाव्या बोटांची टोकं कडक झाली होती. मी मनगट मोजलं, आकडा विसरले, पुन्हा मोजलं.

"पहिल्यांदा किती आलं होतं?" त्याने हळूच विचारलं.

"विसरले."

"मग तिसऱ्यांदाही मोजून घ्या. मला घाई नाही."

पाच जोड पहिल्या फटक्यात बसले. चार नंबरचा तेवढा परत आला. आधी म्हणे अंगठा घट्ट. सैल केला, तर अंगठा सैल. मग मनगटाला टोचतं. तो स्टुलावर बसायचा, मी टाके उसवायचे, आणि तो बोलत राहायचा... दिवसा शाळेत शिकवतो, भाऊ-वहिनीकडे राहतो, वहिनीची झोपमोड नको म्हणून सकाळी गॅलरीत स्वेटर घालून वाजवतो. मी सांगून टाकलं की मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. तो म्हणाला, बरं झालं, माझ्या चुका न पकडणारं एक तरी माणूस समोर असेल.

तो गेल्यावर आत्या चष्म्यावरून बघत म्हणाली, आठवड्यात जाड-बारीक होणारा हात तिने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. माझे कान तापले.

मैफलीच्या तीन दिवस आधी मोठ्या ताई लोकर घ्यायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, आता चौथ्या खुर्चीसाठी कोणी शोधायला हवं. त्याला मोठ्या वाद्यवृंदात जागा मिळाली होती, रेल्वेने चार तासांवर. एक तारखेला रुजू व्हायचं होतं. मी त्यांच्या पुडक्याला इतकी करकचून दोरी बांधली, की त्यांनीच म्हटलं, अगं, जरा सैल कर.

संध्याकाळी तो आला. मी हातमोजे काउंटरवर ठेवले आणि वर न बघता म्हटलं, आता नीट बसतील, पुन्हा यायची गरज नाही.

"मला तुम्हाला काही सांगायचं होतं—"

मी म्हटलं, गिऱ्हाइकं खोळंबली आहेत. दुकानात चिटपाखरूही नव्हतं.

मैफलीला जायचं नाही असं मी ठरवलं होतं. आत्याने दुकान लवकर बंद केलं, माझा कोट माझ्या अंगावर टाकला आणि म्हणाली, "रागवायचंच असेल तर समोर बसून रागव. घरी बसलीस तर दिसणार कुणाला?"

वाचनालयात टेबलं भिंतीला सरकवून त्यावरचे छोटे दिवे लावले होते. लोक गुडघ्यांवर पांघरुणं घेऊन दाटीवाटीने बसले होते. कोणीतरी हीटर बंद केला आणि खोली एकदम शांत झाली. मग सहा गज एकत्र हलले... तो खोल, मऊ आवाज कानांच्या आधी खुर्चीच्या लाकडातून अंगात शिरला. मी मात्र एकच हात बघत होते.

पहिला तुकडा संपल्यावर त्याने मान वर केली. एकेक रांग शोधत त्याची नजर माझ्यापाशी आली आणि थांबली. पुढचा तुकडा त्याने अर्धी मात्रा उशिरा सुरू केला. मोठ्या ताईंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं, की तेवढी चूक माझ्याही लक्षात आली.

मैफल संपल्यावर मी बाहेरच्या पायरीवर बसले. तो पेटी घेऊन आला आणि उभाच राहिला. म्हणाला, दुकानात पहिल्यांदा आला त्याच्या आदल्या दिवशीच त्याने होकार कळवला होता. दर वेळी सांगायचं ठरवून यायचा आणि अंगठ्याचं काहीतरी सांगून जायचा.

"अंगठा पहिल्या दिवसापासून ठीक होता," तो म्हणाला.

"माहीत आहे. मीच विणला होता."

मग त्याने विचारलं, तुम्ही म्हणालात तर...

"मी थांब म्हणणार नाही," मी म्हटलं. तोंडातून 'थांब' गेलं, 'थांबा' नाही, ते दोघांच्याही लक्षात आलं. "आठ वर्षं वाट बघितलीस तू त्या जागेची, ताईंनी सांगितलं. आज काय वाजवलंस ते मला कळलं नाही. पण गेले तीन दिवस दुकानात... फार शांत शांत वाटतं."

तो पेटीचा पट्टा उगीच घट्ट करत राहिला. शेवटी मीच म्हटलं, "रविवारी आमचं दुकान बंद असतं."

"ठाऊक आहे. दोनदा कुलूप बघून परत गेलोय."

"सकाळी सहाची गाडी आहे. दहाला तिथे पोचते. स्टेशनवर जाऊन विचारलं मी."

"कधी?"

"आज दुपारी."

"आज दुपारी तर तू माझ्यावर रागावली होतीस."

"रागातच विचारलं."

तो हसला नाही. त्याने पेटी सावकाश भिंतीला टेकवली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसला, खांद्याला खांदा लागेल इतका जवळ. आत्या फाटकापाशी माझी वाट बघत उभी होती. तिने एकदा आमच्याकडे पाहिलं, मफलर गळ्याभोवती नीट गुंडाळला, आणि एकटीच घरी निघाली.