आतून धरणारा

"वहिनी, जरा आत बसता का? रिवेट मारायचेत," दीर म्हणाला आणि ती मुकाट्यानं होडीत चढली.

भर दुपारची वेळ. घरामागच्या शेडमध्ये ॲल्युमिनियमची ती छोटी मासेमारीची होडी उंच लाकडी घोड्यांवर चढवलेली. होडी तिच्या नवऱ्याची. मागच्या हिवाळ्यात होडी रिकामीच तळ्याच्या काठाला लागली. नवरा काही आला नाही. आपण त्या दिवशी गावातच नव्हतो, असं दीर सांगायचा. आणि आता होडीला नवं प्लायवूड घालून ती विकायची घाई यालाच! आतलं कुजलेलं लाकूड तर तिला न विचारताच उचकटून जाळूनही टाकलं. तिच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. होडी गेली खड्ड्यात. आपल्या माणसाचं काय झालं, एवढंच तिला कळायला हवं होतं.

प्लायवूड बसवण्याआधी तळाचे पत्रे सांधणारे सैल रिवेट बदलायचे होते. हे काम एकट्याचं नव्हे. एकानं होडीखाली बसून हातोडा मारायचा, दुसऱ्यानं आतून रिवेटच्या टोकावर लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. ठोकळा बसला की आतून एकदा टक करायचं, मग खालच्यानं मारायचं. दोघे भाऊ असंच करायचे. आत बसायचा तो नवराच.

थोड्या वेळानं तिला गॅसवरचं दूध आठवलं. "भाऊजी, आले हं," म्हणत ती स्वयंपाकघराकडे पळाली. पण दिराच्या कानात कापसाचे बोळे होते; आतली टक त्याला पत्र्याला टेकलेल्या हातालाच कळायची.

दूध उतरवून ती परतली तर हातोडा चालूच. टक... ठण्, ठण्. टक... ठण्, ठण्.

तिनं आपल्या हाताकडे पाहिलं. गडबडीत ठोकळा तिच्याच हातात राहिला होता. तिनं काठावरून आत डोकावून पाहिलं. आत कुणी नव्हतं. नव्या रिवेटांची टोकं मात्र ओळीनं सपाट बसली होती.

तिनं वाकून तो ठोकळा दिरासमोर धरला. त्यानं कानातले बोळे काढले.

"वहिनी... तुम्ही इथे? मग आत..."

"तुमचे दादा असतील. जागा त्यांचीच आहे."

"काहीतरीच काय... दादा कसा असेल? बुडबुडे थांबले तरी मी तिथंच..."

"गावात नव्हता ना तुम्ही?" तिनं हळूच विचारलं. तिला रडू आलं नाही, नुसता संताप आला.

आतून टक झालं.

"मारा ना, भाऊजी. ते धरून बसलेत."

दिराच्या हातातून हातोडा गळून पडला. मग पुन्हा टक झालं. या वेळी ते होडीतून आलं नाही. आलं ते दिराच्या अगदी पाठीमागून, जिथं कोरड्या फरशीशिवाय तिला काहीच दिसत नव्हतं.