चौथी अट

मिरजेच्या प्रयोगशाळेत डॉ. वासंती हेरवाडकरांनी उबवणपेटीतली चाळीसाव्या बाईच्या नमुन्याची काचनळी उजेडात धरली आणि परत ठेवली. हीही वस्ती मेली होती. तिसरा आठवडा उजाडला की मरायची, तशीच.

साल २०४७. गर्भाशयमुखावर नांदणाऱ्या सूक्ष्मजीवांना वासंतीबाई 'मुखवस्ती' म्हणत. तिथे दुग्धाम्ल जिवाणूंचं राज्य असलं तर बरं असतं. दह्यातल्या जिवाणूंचेच ते भाऊबंद. त्यांच्या आंबटपणात उपद्रवी जंतू टिकत नाहीत. एचआयव्हीसह जगणाऱ्या पुष्कळ बायकांत ही वस्ती उठून जाते. मग पॅपिलोमा विषाणू ठाण मांडतो, कर्करोगाच्या आधीचे व्रण उगवतात आणि कापले तरी पुन्हा येतात. वासंतीबाईंचा उपाय कुठल्याही गृहिणीला सुचेल असा होता. निरोगी दात्रीची, म्हणजे देणाऱ्या बाईची, वस्ती वाढवायची आणि दुसरीत विरजणासारखी लावायची. विरजण लागत नव्हतं, एवढंच.

तेजश्रीला थांबायला वेळ नव्हता. सव्वीस वर्षांची ती मुलगी जन्मापासून एचआयव्हीसह जगत होती. व्रण दोनदा कापला होता, तिसऱ्यांदा उगवला होता. चार महिन्यांनी गर्भाशयच काढायचं ठरलं होतं. "एक मूल झालं असतं तर बरं होतं, मॅडम," एवढंच ती म्हणाली होती.

"मॅडम, एकीत वस्ती टिकलीय," जनुकवाचनाचं काम बघणारा इरफान शिकलगार कागद घेऊन आला. "शालन खरात. व्रणही आपोआप मिटलाय."

"कुठल्या दात्रीची वस्ती?"

"कुठल्याच नाही. त्या तुलनागटात होत्या, त्यांना आपण नुसती जेली दिली होती. ही त्यांची स्वतःची आहे."

वासंतीबाई खुर्चीत बसल्या. बराच वेळ त्या कागद वाचत राहिल्या.

"निरोगी बाईचे जिवाणू लाडात वाढलेले असतात, इरफान. शरीराचे पहारेकरी बाकीची गर्दी हटवतात, हे आरामात राहतात. शालनताईंचे पहारेकरी अठरा वर्षांपूर्वीच रोडावले. तेव्हा बहुतेक जिवाणू मेले असणार. जे उरले, ते पहाऱ्यावाचून जगायला शिकले."

"म्हणजे चाळीस जणींकडे आपण लाडकी लेकरं पाठवली."

"आणि सासुरवास काढलेलीला दारातूनच परतवून लावलं."

दात्रीच्या अटींचा कागद भिंतीवर होता. चौथी अट : दात्रीला एचआयव्ही नसावा. ती त्यांनीच लिहिली होती. विषाणूला जगायला माणसाची पेशी लागते, आणि सात वेळा नव्याने वाढवलेल्या जिवाणूंत माणसाची एकही पेशी उरत नाही. हे त्या पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत. तरीही सहा वर्षांत त्या अटीचा त्यांनी एकदाही विचार केला नव्हता. वासंतीबाईंना स्वतःची लाज वाटली.

शालनबाईंच्या दारात दोन म्हशी होत्या. दूध संघात जायचं. वासंतीबाईंनी सगळं समजावून सांगितलं. वस्ती देण्यासाठी सही मागितली आणि नेहमीचं वाक्य जोडलं, "तुमचं नाव कुणाला कळणार नाही."

शालनबाईंनी पेन खाली ठेवलं.

"दूध बी असंच चालतंय. संघाच्या टाकीत पडलं की कुणाचं ते कळत न्हाई, म्हणून चालतंय. मालक गेल्यापासनं अठरा वर्षं झाली म्याडम, गल्लीतल्या एका बाईनं माझ्याकडनं विरजण न्हेलं न्हाई. हे न्हेणार असाल तर नाव सांगून न्या."

तेजश्रीला नाव सांगितलं, तेव्हा तिने ते लगेच ओळखलं.

"आम्ही पूर्वी राहायचो त्याच गल्लीत राहतात त्या. लहानपणी त्यांचं घर आलं की आई माझा हात धरून पलीकडच्या कडेनं न्यायची. आईला स्वतःला होतं, मॅडम. तरी."

"तू नाही म्हणालीस तरी चालेल."

"नाही कशाला म्हणू? लावा."

नैतिकता समितीची परवानगी मिळायला पाच आठवडे गेले. मग रोपण झालं. तिसरा आठवडा आला आणि गेला. वस्ती जिवंत होती. शस्त्रक्रियेची तारीख आली तेव्हा व्रण निम्मा झाला होता, म्हणून ती पुढे ढकलली. आठव्या महिन्यात व्रण सापडलाच नाही. एव्हाना आणखी अकरा जणींत वस्ती रुजली होती. वासंतीबाईंनी भिंतीवरचा कागद काढला आणि चौथी अट नव्याने लिहिली : दात्री एचआयव्हीसह किमान दहा वर्षं जगलेली असावी.

त्याच आठवड्यात भरदुपारी तेजश्री शालनबाईंच्या दारात उभी राहिली. हातात स्टीलची वाटी होती. समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या बायका हात थांबवून बघत होत्या.

"मावशी, थोडं विरजण देता?"

शालनबाईंनी तिला ओळखलं नाही. "कुणाची गं तू?"

तेजश्रीने आईचं नाव सांगितलं. मग वासंतीबाईंनी आपल्याला शालनबाईंचीच वस्ती लावली हेही सांगितलं, ओट्यावर ऐकू जाईल इतक्या आवाजात.

शालनबाईंनी ओट्याकडे पाहिलं. "त्या बघत्यात," त्या हळूच म्हणाल्या.

"बघू देत."

त्यांनी वाटी घेतली आणि आत गेल्या. कुणाला विरजण द्यायची सवय मोडली होती, म्हणून किती घालायचं ते त्यांना पटकन सुचेना. शेवटी त्यांनी वाटी काठोकाठ भरून आणली.