सोडा म्हणेपर्यंत

तुळशीचं लग्न लागून आठवडा झाला होता आणि संगमनेरात उसाच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. अकोले नाक्यावर रंभाजी मिस्त्रीच्या गॅरेजपुढं कुणीतरी बैलांसाठी वाढ्याचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा, हिरवा ढीग उतरवून ठेवला होता. दारात बसून त्याची लेक पुष्पावती जीपचा डायनामो पुसत होती. एवढ्यात अकोल्याच्या बाजूनं एक जाडजूड लाल मोटरसायकल आली. म्हशीएवढी रुंद, दोन्ही अंगांना चामड्याच्या पेट्या. वरचा गडी दोन्ही पाय रस्त्यावर घाशीत होता, चपलांचा धुरळा उडत होता… आणि गाडी सरळ वाढ्यात घुसून थांबली.

"थांबायचं हुतं, का वाढं खायचं हुतं?" पुष्पावतीनं विचारलं.

ढिगातून आधी चष्मा वर आला, मग त्याच्या मागचा माणूस. "ब्रेक… लागला नाही."

"ते दिसलं."

"मिस्त्री आहेत का?"

"हायेत की. आत खाटंवर. डोळ्याचं आपरेशन झालंय. महिनाभर वाकायचं न्हाई, जोर लावायचा न्हाई."

"मग काम कोण करतं?"

 पुष्पावती गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवी बसली, बोट फिरवलं आणि त्याच्यापुढं धरलं. बोट तेलानं चकाकत होतं. तो मात्र बोटाकडं न बघता बोटाच्या मालकिणीकडं बघत होता, हे तिनं टिपून ठेवलं.

गडी राजूरचा. नाव कानिफनाथ, गुरांचा डॉक्टर. डोंगरातल्या वाड्यांवर गाईम्हशी बघत फिरायचा. मोटरसायकल अमेरिकन बनावटीची, लांबच्या प्रवासासाठी केलेली. मिशनच्या दवाखान्यातला एक गोरा डॉक्टर मायदेशी जाताना आपल्या कंपाउंडरला, म्हणजे कानिफनाथच्या वडिलांना, देऊन गेला होता. वडील गेले, गाडी राहिली. ही सगळी माहिती पुष्पावतीनं काढली नाही, तिच्या आत्यानं काढली. लंकाबाई आत्या ओसरीवर तांदूळ निवडता निवडता माणूस निवडायची. चहाचा कप रिकामा होईस्तोवर तिनं त्याचं आडनाव, आजोळ, भावंडं आणि लग्न झालेलं नाही एवढं सगळं वेगळं करून ठेवलं होतं. आडनाव ऐकून ती नुसती "हं" म्हणाली. आत्याचं "हं" फुकट जात नसे.

"ह्या गाडीला मागं तेलाचा ब्रेक हाय," पुष्पावती सांगत होती. "पेडल दाबलं की तेल पाइपातनं चाकाकडं जातं. तुमचा लोखंडी पाइप गंजून फुटलाय आन् रबरी नळीला भेगा पडल्यात. तेल चाकापर्यंत पोचतंय कुठं? वाटंतच सांडतंय. विठ्याचा घाट कसा उतरलात?"

"देवाचं नाव घेत."

"देवाला बी एकदा पाइप दाखवायचा हुता."

कानिफनाथ हसला. हसल्यावर त्याच्या डाव्या गालाला खळी पडायची, आणि ती पडते हे त्याला माहीत नसावं. त्या पहिल्या खेपेला तो एकंदर अकरा वाक्यं बोलला. त्यातली चार गाडीशी.

गाडी गॅरेजात राहिली. "जीपचा पाइप कापून, वाकवून बसवीन. पुढच्या गुरुवारी या," असं तिनं सांगितलं होतं. तो सोमवारीच आला, एस्टीनं, पाइपाचं माप चुकू नये म्हणून.

"माप माझ्यापाशी हाय. गाडी हितंच हाय," ती म्हणाली.

"हो… तेही खरंच."

तरी तो दुपारपर्यंत बसला. ती पाइपाचं तोंड शिस्तीत पसरवत होती, खाटेवरून तिचे वडील, नाना, नुसत्या आवाजावरून हुकूम सोडत होते – "हळू गं, तोंड चिरलं की गळणार!" – आणि हा टक लावून तिच्या मनगटाकडं बघत होता. मधेच मदत करायची म्हणून त्यानं तेलाचा डबा उचलला आणि मडगार्डवर सांडला. पुष्पावतीनं क्षणात बादलीतून तांब्या भरून पाणी फेकलं. अर्धं पाणी मडगार्डवर, अर्धं डॉक्टरच्या विजारीवर.

"हे तेल रंग खातं!" ती म्हणाली.

"विजारीचाही?"

"विजारीला रंग हुता व्हय?"

आतून नानांचा खोकला आला. तो खोकला नव्हता, हे आत्याला कळलं, पुष्पावतीलाही कळलं. डॉक्टरला मात्र वाटलं, म्हातारा आजारी आहे.

तो गेल्यावर आत्यानं सूप खाली ठेवलं. "पुष्पे, श्रीगोंद्याहून पत्र आलंय. साखर कारखान्यात कारकून हाय मुलगा. पुढच्या सोमवारी बघायला येत्यात. तुझ्या नानाला म्हनलं, तवर दुसरं कुनी तोंड उघडलं तर बघू… पन तोंड उघडाया पायजे की न्हाई? मी काय वाट बघत तांदूळ निवडत बसू व्हय जलमभर?"

पुष्पावती पाइपाला तांब्याची वायसर लावत होती. वायसर दोनदा हातातून निसटली.

गुरुवारी काम संपणार होतं. काम संपलं की डॉक्टरला संगमनेरला यायचं कारण संपणार होतं. आणि त्याचा स्वभाव असा, की गाईच्या पोटात आडवं झालेलं वासरू हात घालून सरळ करील, पण स्वतःच्या पोटातलं ओठांवर आणताना घाम फुटेल.

गुरुवारी तो सकाळच्या पहिल्या एस्टीनं उतरला. नवा पाइप चकाकत होता, नवी नळी बसली होती. राहिली होती फक्त हवा काढायची. नव्या पाइपात हवा राहिली तर पेडल स्पंजासारखं दबतं, ब्रेक लागत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एरवी नाना पेडलवर आणि पुष्पावती चाकापाशी. आता नानांना जोर लावायची बंदी.

"तुमी बसा गाडीवर," ती म्हणाली. "मी खाली असनार, मला तुमचा पाय दिसत न्हाई. म्हनून तोंडानं बोलायचं. मी 'दाबा' म्हनलं की दाबायचं आन् 'दाबलं' म्हनायचं. मग मी हवा सोडायची निपल, म्हंजी चाकापासला स्क्रू, ढिली करते, तेलाबरोबर हवा भाईर येती. 'धरा' म्हनलं की तसंच धरून ठेवायचं. निपल आवळली की मी 'सोडा' म्हनीन. त्याच्या आधी पाय उचलला तर हवा पुन्हा आत जाती, सगळं पहिल्यापासनं. कळलं?"

"कळलं."

निपलला लावलेल्या रबरी नळीचं दुसरं टोक तिनं तेलाच्या बाटलीत बुडवलं.

"दाबा."

"दाबलं."

बुडबुडे आले. "धरा… धरा…" आणि निपल आवळायच्या आत बाटलीतलं तेल मागं ओढलं गेलं.

"सोडलंत!"

"पाय निसटला. चुकलंच."

पुन्हा. पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. आत्या ओसरीवरून बघत होती आणि तिचे तांदूळ केव्हाच निवडून झाले होते. पुष्पावतीच्या डोक्यात मात्र हिशेब लागला. ज्याचा हात गाय लाथ मारत असतानाही हलत नाही, त्याचा पाय चार वेळा निसटतो? पहिली चूक मानली. दुसरीही मानली. बाकीच्या दोन… बाकीच्या दोन गोड होत्या.

पाचव्यांदा त्यानं नीट धरलं. सहाव्यांदाही. बुडबुडे थांबले. बाटलीत नुसतं स्वच्छ तेल. तिनं निपल घट्ट आवळली. काम झालं होतं. आता एकच शब्द उरला होता… आणि तो काही तिच्या तोंडातून निघेना.

"अजून हाय हवा," ती म्हणाली. "दाबा."

"दाबलं."

"धरा."

आणखी एकदा. आणखी एकदा. निपलला तिनं पाना लावलाच नव्हता. ती नुसती चाकाच्या आऱ्यांतून त्याच्या चपलेकडं बघत होती. अंगठ्याला पहिल्या दिवशी वाढ्याच्या पात्यानं कापल्याची खूण होती.

खाटेवरून आवाज आला. "पुष्पे!"

"काय, नाना?"

"मला दिसत न्हाई, पन ऐकू येतंय. चार खेपंपासनं पेडल दगडावानी घट्ट वाजतंय. मग हवा कुनाच्या पोटात राहिली म्हनायची?"

आत्यानं पदर तोंडाला लावला. पुष्पावतीच्या कानापर्यंत रक्त चढलं. चाकाआड लपून तरी किती लपणार?

"डॉक्टर," ती खालूनच म्हणाली.  "पाय उचलायचा न्हाई हां."

"नाही उचलला."

"सोमवारी मला बघायला श्रीगोंद्याहून पाव्हनं येनार हायेत."

त्याची चप्पल पेडलवर आणखी घट्ट बसली. 

"मी… ऐकलं होतं," तो म्हणाला. "आत्यांनी मागल्या खेपेलाच माझ्या मागोमाग एस्टीपर्यंत येऊन सांगितलं."

पुष्पावतीनं मान वळवून ओसरीकडं पाहिलं. आत्या छताकडं बघत होती.

"मग?"

"तुम्ही सोडा म्हणेपर्यंत पाय सोडायचा नाही. असंच ना?"

"असंच."

"मग…" त्यानं एक मोठा श्वास घेतला. "मग म्हणूच नका, पुष्पावती. कधीच."

  तिनं फक्त आऱ्यांतून हात पुढं केला आणि त्याच्या चपलेवर पडलेला तेलाचा थेंब आपल्या बोटानं पुसला.

"लंके," नाना म्हणाले, "श्रीगोंद्याला पत्र टाक. आन् डॉक्टर, तुमच्या घरी वडीलधारं कोन?"

"आई आहे."

"तिला रविवारी आना. घाट उतरून बघा, ब्रेक लागतोय का."

रविवारी दुपारी लाल गाडी नाक्यावर दिसली. मागं त्याची आई चांगुणाबाई, डोक्यावरून घट्ट पदर, हातात खणानारळाची पिशवी. गॅरेजपुढं आजही वाढ्याचा ढीग होता. गाडी सरळ त्याच्याकडं आली आणि वीतभर अलीकडं थांबली. एक पातंही हललं नाही.

"घाटात मला डुलकी लागली," खाली उतरत म्हातारी म्हणाली. "आजवर ह्या गाडीवर मी डोळा मिटला न्हवता. कुठाय ती मिस्त्रीन?"

पुष्पावती पोह्यांच्या बशा घेऊन आली. नऊवारी आत्याची, नखांतलं काळं तेल स्वतःचं, घासूनही न गेलेलं. चांगुणाबाईनं तिचे हात उलटसुलट करून बघितले, नखं बघितली आणि मग मुलाकडं बघितलं. तो बाकावर ताठ बसून पोह्यांतले शेंगदाणे मोजत होता.

"ह्यानं मला समदं सांगितलंय बरं का," म्हातारी म्हणाली. "नऊ खेपा लागल्या म्हनं हवा काढायला! तर मी एवढा घाट उतरून आले, मला बी कळू दे. तू काय म्हनतीस पोरी, सोडा का धरा?"

आत्या थांबली. खाटेवरच्या नानांनी डोळ्यावरची हिरवी पट्टी किंचित वर केली, दवाखान्यात बजावलेलं असूनही.

पुष्पावतीनं बशी ठेवली. जमिनीकडं बघतच, पण चाकाखालून हाक मारावी तशा खणखणीत आवाजात ती म्हणाली,

"धरा!"

आणि बाकावर बसलेल्या डॉक्टरचा उजवा पाय, खाली पेडल नसताना, आपसूक जमिनीवर दाबला गेला.

"दाबलं," तो म्हणाला.